सुपारीएवढा घास

अण्णा, आज तुमची तिथी आहे आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे.

लोकांच्या पितरांच्या नावानं जेवणं हा आपल्या घरचा व्यवसाय. गोदाकाठी श्राद्धाला आलेले यजमान तुम्हाला पितृस्थानी बसवायचे आणि तुम्ही खीर, वडे, सगळं पान मनापासून साफ करायचात. मग यजमान हात जोडून विचारायचा, "तृप्त झालात ना?" तुम्ही "तृप्त झालो" म्हणालात की त्याचे पितर निवाले. त्याच पोटात कॅन्सरची गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी जठर जवळजवळ सगळं काढलं, वर बोटभर उरलं त्याला खालचं आतडं ओढून शिवलं. घरी सोडताना मला बजावलं, "घासघास द्या, वरचेवर. पोटभर जेवण हा विषय संपला." टांग्यात तुम्ही हसत होता. "अरे, जेवतो तो यजमानाचा बाप. माझ्या पोटाचा काय संबंध?"

पितृपंधरवड्यात निफाडचे जुने यजमान आले आणि आईचं न ऐकता तुम्ही बसलात. मी मागं उभा आहे. तुम्ही पान संपवता, कपाळावर घाम डवरतो, हात थरथरू लागतात. ते विचारतात, तृप्त झालात ना. तुम्ही "तृप्त झालो" म्हणता आणि तिथंच पाटाशेजारी आडवे होता. "आमचा म्हातारा कोपला," म्हणत यजमान तुमच्या पाया पडत राहिले. गावभर बोभाटा झाला, पुन्हा कुणी बोलावलं नाही. घरी आई कडाडली, "जिभेचे चोचले जिवावर बेततील एक दिवस." तुम्ही शांतपणे म्हणालात, "भूकच लागत नाही गं आता. पोटाबरोबर तीही गेली. त्यांना नाही म्हणवेना, एवढंच." आम्हाला ते खरं वाटलं. आई बशीत मऊ भाताचा सुपारीएवढा घास आणून द्यायची, तुम्ही भिंतीकडे तोंड करून तो चघळत बसायचात, आणि थोड्या वेळानं पुढचा.

रोग उलटला आणि तुम्ही गेलात. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. काका एकेक वचन देत होते, वहिनीला सांभाळीन, पोरीचं लग्न लावून देईन. कावळा मान वाकडी करून बसलेला. ऊन चढलं. मला आईची बशी आठवली. मी पिंडातून सुपारीएवढा भात मोडून बाजूला ठेवला. भटजी खेकसले, "पिंड मोडतोस?" तोवर कावळा आला आणि तेवढाच घेऊन गेला. "शिवला एकदाचा," म्हणत काका आंघोळीला उतरले, मंडळी पांगली. मी बसून राहिलो. थोड्या वेळानं तो परत आला आणि मोठ्या गोळ्याला चोचही न लावता माझ्याकडे बघत राहिला. मी दुसरा घास मोडला. मग आणखी एक. भीती वाटत होती, पण उठवत नव्हतं.

भूक गेली होती ना, अण्णा? मग तो कशाला परतून येत होता? इतकी वर्षं हे माझी पाठ सोडत नाही. तुम्ही खोटं बोललात आमच्याशी. आम्ही जेवायला बसलो की तुम्ही ओसरीवर निघून जायचात, ते काही वारा खायला नव्हे.

आजही बशीत एकच घास काढून परसात ठेवला आहे, बाकीचा भात झाकून ठेवलाय. अजून कुणी आलेलं नाही. सून दोनदा विचारून गेली, "मामंजी, जेवून घेता का?" सकाळपासून पोटात कावळे कोकलताहेत. भूक नाही म्हणून सांगितलं तिला.