हेटीटोला पुलाचा पदपथ उघडल्याबाबत खुलासा

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
नदीपूल देखभाल विभाग,
येरमागड, जि. गडचिरोली.

विषय : हेटीटोला पुलावरील बंद केलेला पदपथ व सायकलमार्ग परवानगीशिवाय उघडल्याच्या आरोपाबाबत खुलासा, आणि तो पुन्हा बंद न करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस, जा. क्र. पूल/सुरक्षा/४१७, दि. ६ नोव्हेंबर २०२५.

अर्जदार : श्रीमती सोमारी झिंगू कुमरे, वय ५४, स्वयंपाकी, शालेय पोषण आहार, उच्च प्राथमिक शाळा, मोहघाट. राहणार हेटीटोला.

महोदय,

१. उपरोक्त नोटिशीत अर्जदार यांना तीन गोष्टी विचारल्या आहेत. पुलाच्या दोन्ही टोकांचे पत्रे त्यांनी काढले काय, तुटलेल्या कठड्याच्या जागी त्यांनी विनापरवाना बांधकाम केले काय, आणि शाळकरी मुलींना धोकादायक मार्गावरून चालण्यास त्यांनी प्रवृत्त केले काय. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर होय असे आहे. तिसऱ्याचेही होयच आहे, फक्त 'धोकादायक' हा शब्द अर्जदार यांना मान्य नाही. तो का मान्य नाही, हे सांगण्यासाठी हा खुलासा आहे. अर्जदार बाई चौथीपर्यंत शिकल्या असून वाचतात, सही करतात. लिहून देण्याचे काम निम्नस्वाक्षरीकार करीत आहे. बोलणे बाईंचे आहे.

२. पूल झाला त्याला आठ वर्षे झाली. मधोमध गाड्यांचा रस्ता, उगवतीला पायी चालणाऱ्यांचा पदपथ, मावळतीला सायकलमार्ग. पुलाआधी या नदीवर लाकडी डोंगा होता आणि पावसाळ्यात तोही बंद असे. अर्जदार यांची मुलगी मोनाली हुशार होती, पण पाचवी नदीच्या पलीकडे असल्यामुळे तिचे शिक्षण अलीकडच्या काठावरच संपले. पूल झाल्यावर हेटीटोल्याच्या मुली पाचवीत, सहावीत, आठवीत जाऊ लागल्या. त्याच वर्षी अर्जदार यांना शाळेत स्वयंपाकाचे काम मिळाले, आणि रोज सकाळी त्या सायकलवाल्या पोरींच्या मागे पायी चालत जाऊ लागल्या. "सोमारीबाई संग हाय तर पाठवतो," असे म्हणून आईबाप पोरी पाठवतात. या विश्वासाची नोंद कोणत्याही कार्यालयात नाही, म्हणून येथे केली आहे.

३. यंदा जुलैअखेरच्या पुरात पाणी पुलावरून गेले. वाहून आलेला सागाचा ओंडका उगवतीच्या कठड्यावर आदळला आणि पस्तीस हात कठडा नदीत गेला. खालचा स्लॅब शाबूत राहिला. हे आपल्याच शाखा अभियंता साहेबांनी पाहून सांगितले होते. त्यानंतर दि. ११ ऑगस्ट रोजी दोन्ही टोकांना पत्रे ठोकून पाटी लावण्यात आली : 'सुरक्षेच्या कारणास्तव पदपथ व सायकलमार्ग बंद'. मावळतीच्या सायकलमार्गाचा एकही गज हलला नव्हता. तरी तोही बंद झाला. विचारले असता पत्रे ठोकणाऱ्यांनी सांगितले की कागदात दोन्ही लिहिले आहे.

४. गाड्यांचा रस्ता मात्र चालूच राहिला. पोरी आता त्याच रस्त्याने, कडेकडेने, सायकल हातात धरून जाऊ लागल्या. बाजूने मालाचे मोठे ट्रक जात. दि. १९ ऑगस्ट रोजी सकाळी दहाच्या सुमारास सहावीतल्या चंचल पत्रू नैताम हिच्या खांद्याला ट्रकचा आरसा लागला. ती सायकलसकट पडली, खांद्याजवळचे हाड मोडले. अर्जदार तिच्यापासून सहा पावलांवर होत्या. त्यांनी पोरीला उचलले तेव्हा ती रडत नव्हती, "माहा डबा, माहा डबा" म्हणत होती. ट्रकवाला पळाला नाही. त्यानेच दोघींना केबिनमध्ये बसवून दवाखान्यात नेले, आणि वाटेत म्हणाला, "बाई, मी तरी गाडी कुठी घेऊ? इथी माणसाले चालाले जागाच नाई ठेवली." अर्जदार यांचा त्या ट्रकवाल्याविरुद्ध काहीही आक्षेप नाही.

५. या अपघातानंतर पदपथ उघडेल अशी गावाची समजूत झाली. दोन दिवसांनी दुसरा आदेश आला : गाड्यांच्या रस्त्यावर पायी अथवा सायकलने जाण्यास मनाई. म्हणजे पूल उभा राहिला, पण त्यावरून जाण्यासाठी माणसाला इंजिन असणे आवश्यक झाले. पर्यायी व्यवस्था म्हणून एक जीप आली. ती सहा दिवस आली, सातव्या दिवशी दुसऱ्या कामाला गेली. दुसऱ्या पुलाने फिरून गेल्यास शाळा चौतीस किलोमीटर पडते. एसटी दुपारी बारा वाजता येते, तोवर शाळेत भात शिजून झालेला असतो.

६. जुलैत हेटीटोल्याच्या सत्तावीस मुली शाळेत जात होत्या. सप्टेंबरात नऊ राहिल्या. त्या नऊ कशा गेल्या ते विचारू नये. अर्जदार पहाटे त्यांना घेऊन ट्रक नसतील अशा वेळी पूल ओलांडत, हा गुन्हा नोटिशीत नमूद नाही, तो त्यांच्या सांगण्यावरून येथे वाढवला आहे.

७. दि. ६ ऑक्टोबर रोजी अर्जदार आपल्या कार्यालयात आल्या होत्या. सोबत निम्नस्वाक्षरीकार होता, म्हणून पुढील बोलणे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. आपण दौऱ्यावर होता. शाखा अभियंता साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिले, आणि सांगितले, "बाई, हे सगळं तुमच्याच सुरक्षेसाठी आहे."

बाई म्हणाल्या, "मंग तो ट्रक काऊन चालून राह्यला साहेब? कठडा तुटला तर त्याले काईच नाई, अन् आमाले बंदी?"

"गाड्यांचा रस्ता मजबूत आहे. अडचण पायी चालणाऱ्यांची आहे."

"आमची अडचण तुमाले समजलीच नाई, साहेब. तुमी आमालेच अडचण म्हणून राह्यले."

साहेबांनी फाइल उघडली. दुरुस्तीचा प्रस्ताव वर गेला आहे, मंजुरी कधी येईल सांगता येत नाही, असे ते म्हणाले. बाईंनी विचारले की तोवर पोरी कशा जातील. त्यावर साहेबांनी जे उत्तर दिले ते वाईट हेतूने दिले असे अर्जदार यांचे म्हणणे नाही. ते म्हणाले, "राहू द्या की दोन-चार महिने घरी. परीक्षेला अजून वेळ आहे."

अर्जदार उठल्या. दारापर्यंत जाऊन परत वळल्या आणि म्हणाल्या, "साहेब, पोरगी दोन महिने घरी राह्यली का मंग ती घरचीच होते. माही मोनाली अशीच घरची झाली." एवढे बोलून त्या निघाल्या.

८. त्याच आठवड्यात आठवीतली दिव्यानी मडावी तिच्या मावशीसोबत तेलंगणात कापूस वेचायला निघाली. जाण्याच्या दिवशी ती शाळेची सायकल ढकलत अर्जदार यांच्या अंगणात घेऊन आली. "बाई, हे तुमच्या घरी ठेवून राह्यली. आमच्या घरी राह्यली तर भाऊ चालवून मोडन." अर्जदार यांनी सायकल पडवीत घेतली, वर पोते टाकले. पोरगी टेम्पोत चढली. टेम्पो पुलावर गेला आणि गाड्यांच्या रस्त्याने, कायदेशीररीत्या, पलीकडे निघून गेला. अर्जदार सांगतात की कठडा बांधायचा हे त्यांनी त्या वेळी ठरवले. कोणी शिकवले, कोणी भडकावले असे नोटिशीत सूचित केले आहे. कोणीही नाही.

९. दिवाळीच्या सुटीत, दि. २४, २५ व २६ ऑक्टोबर असे तीन दिवस काम चालले. पाणी उतरले होते. पुलाखाली रेतीत कठड्याचे जुने गज रुतलेले दिसत होते. दोर लावून ते ओढून काढले. येरमागडच्या प्रफुल वेल्डरला निरोप धाडला, तो यंत्र घेऊन आला आणि दोन दिवस राहिला. वाकलेले गज त्याने सरळ केले, उभ्या खांबांच्या बुंध्याला जोडले. जिथे लोखंड पुरले नाही तिथे पिकलेला वेळू दुहेरी बांधून वर तार आवळली. छातीएवढी उंची ठेवली, आधीचा कठडा कमरेएवढाच होता. गज दोन ठिकाणी तिरपा आहे, ही उणीव मान्य आहे. पत्रे चौदा नग काढून, पुसून, शाळेच्या पडवीत ठेवले आहेत. खिळे डब्यात आहेत. केव्हाही घेऊन जावेत.

१०. नोटिशीत असे म्हटले आहे की सदर कठड्याची भारचाचणी झालेली नाही. हे खरे नाही. दि. २६ रोजी अर्जदार यांनी आपला तांबडा बैल, जो नांगराला जुंपला की दोघांनाही आवरत नाही, कठड्याला कासऱ्याने बांधला आणि समोर दहा हातांवर हिरवा चारा टाकला. बैलाने दुपारभर ओढले. वेळूची एक गाठ सुटली, ती पुन्हा आवळली. लोखंड हलले नाही. त्यानंतर बाई स्वतः कठड्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि गावच्या चार गड्यांना म्हणाल्या, "लोटा." गडी तयार होईनात. "अरे, उद्या पोरी टेकतीन इथी. मले पाह्यचं हाय आत्ताच." तेव्हा त्यांनी लोटले. निम्नस्वाक्षरीकाराने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा बाई जागेवर होत्या आणि पदर झटकत होत्या. ही पद्धत आपल्या नियमावलीत नसेल. ती वाढवून घ्यावी.

११. दि. ३ नोव्हेंबर रोजी शाळा उघडली. त्या सकाळी एकोणीस मुली गेल्या, पायी उगवतीने आणि सायकली मावळतीने. चंचल हात छातीशी जपत आली. ती ज्या जागी पडली होती, तिच्या समोर आल्यावर थबकली. अर्जदार यांनी तिला घाई केली नाही. तिने पलीकडून जाणारा एक ट्रक पूर्ण जाऊ दिला, आणि चालू लागली. दोन दिवसांनी दिव्यानीही परत आली. कोणीतरी फोनवर सांगितले होते की पदपथ उघडला. तिने पोते काढले, चाकात हवा भरली आणि निघाली. आज रोजी सव्वीस मुली जात आहेत. सत्ताविसावीच्या घरी अर्जदार रविवारी जाणार आहेत.

१२. आपली नोटीस दि. ८ रोजी आदेश नावाचे आपले शिपाई घेऊन आले. ते पलीकडे एसटीतून उतरले आणि पूल ओलांडून गावात आले. अर्जदार यांनी त्यांना चहा दिला आणि विचारले, "कोणत्या बाजूनं आला बापा?"

"पदपथानं, बाई."

"त्याच्यावर तं बंदी हाय. या कागदात तेच लिहून हाय."

शिपाई अंमळ ओशाळले. मग खरे बोलले, "गाडीरस्त्यानं चालाले भेव लागते, बाई. घरी लेकरं हायत." जाताना त्यांनी तिरपा गज हाताने हलवून पाहिला. अर्जदार यांची विनंती आहे की या माणसावर कारवाई होऊ नये. त्याने शासकीय काम सुरक्षितपणे पार पाडले आहे.

१३. नोटिशीनुसार अर्जदार यांनी दि. १४ रोजी सकाळी अकरा वाजता आपल्या कार्यालयात हजर राहायचे आहे. त्या दिवशी बालदिन आहे, एकशे बारा मुलांचा गोडभात आहे, आणि तो दुसरे कोणी करू शकत नाही. सबब अर्जदार येणार नाहीत. सुनावणी पुलावर ठेवावी. साडेनऊला यावे, मुली त्या वेळी जातात. कठडा आपल्या अभियंत्यांकडून तपासून घ्यावा. कमी असेल तिथे आपण पक्का बसवावा, आम्ही आमचे वेळू काढून घेऊ आणि आपले आभार मानू. पण आपला कठडा उभा होण्याआधी आमचा काढू देणार नाही. पत्रे पुन्हा ठोकले तर पुन्हा काढले जातील. हे धमकी म्हणून लिहिलेले नाही, आपल्याला आधी कळवलेले बरे म्हणून लिहिले आहे.

१४. राहिला कारवाईचा प्रश्न. 'आपणाविरुद्ध फौजदारी कारवाई का करण्यात येऊ नये' असे आपण विचारले आहे. अर्जदार यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत : "करा. पण एकटीची करू नका, मले एकटीले एवढा कठडा उचलवला नसता." काम तीन दिवस चालले, त्यात गावचे चौसष्ट जण होते. परवा रात्री ग्रामसभेत हा खुलासा वाचून दाखवला तेव्हा ज्यांनी-ज्यांनी हात लावला त्यांची नावे घेण्यात आली. ती यादी सोबत जोडली आहे, म्हणजे आपल्या कार्यालयाला चौकशीचा त्रास पडू नये.

आपण पुलावर येण्याची वाट पाहत आहे,

(सही) सोमारी झिंगू कुमरे
हेटीटोला, दि. ११ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : दादाजी भेंडारे, निवृत्त पोस्टमन, हेटीटोला

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) चंचल नैताम हिच्या दवाखान्याच्या कागदांची प्रत.
३) दुरुस्त कठड्याचे फोटो, पाच. एकात बैल आहे.
४) आरोपींची यादी, चौसष्ट नावे, सह्या व अंगठ्यांसह. यादी तपासताना एक अडचण येईल ती आधीच कळवतो. प्रत्येकाने आपल्या नावापुढे अनुक्रमांक एक असाच लिहिला आहे. निम्नस्वाक्षरीकाराने तो दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला, परंतु दोन नंबरवर जायला कोणीही तयार झाले नाही.