वटवाघळाची पहिली फेरी

२३ ऑक्टोबर

शाळेला मिडटर्मची सुट्टी लागतेय. इराला हॅलोविनला वटवाघूळ व्हायचंय. आणि या वर्षी दारोदार खाऊ मागायला जायचंच आहे. मागची दोन वर्षं "आपली दिवाळी असते ना" म्हणून वेळ मारून नेली. आता बाई सहा वर्षांच्या झाल्या. म्हणाली, "बट मम, माही हॅज दिवाळी टू, अँड शी गोज."

तिला शेंगदाण्यांची ॲलर्जी. तीन वर्षांची होती तेव्हा चिक्कीचा एवढासा तुकडा, ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला, ॲम्ब्युलन्स. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये इंजेक्शनचं पेन आणि डोक्यात भुंगा. परक्यांच्या दारातून परक्यांनी दिलेला खाऊ, तोही अंधारात. निखिल म्हणतो, पाठवू. त्याचं काय जातं म्हणायला. (जातं. त्याचीही मुलगी आहे. पण आज तसं लिहायची इच्छा नाही.)

२५ ऑक्टो.

दिवाळी यंदा हॅलोविनला खेटून. आई, म्हणजे सासूबाई, नागपूरहून आल्यात, तर फराळ सुरू. आज चिवडा, दाण्याशिवाय. उद्या बेसनाचे लाडू, वरून काजू. काजू इराला चालतात, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय.

ती चिक्की आईंच्या पार्सलमधून आली होती. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. या खेपेला आल्या आल्या बॅग उघडून समोर ठेवली. "घे, एकेक डबा पाहून घे. मी दाण्याच्या दुकानासमोरूनही नाही गेली." मी हसले. मग खरंच एकेक डबा पाहिला. त्यांनी पाहू दिला.

२७ ऑक्टो.

शेजारची मॉरीन बार्मब्रॅक घेऊन आली, हॅलोविनचा तो मनुकांचा ब्रेड. सोबत वेष्टनही आणलं होतं, मला वाचता यावं म्हणून. मी हिला कधी सांगितलं? मी तर इस्टेटमध्ये, आमच्या या वसाहतीत, कुणालाच सांगितलं नाही. आधीच आमची नावं सांगताना दमछाक, त्यात आणखी "ही यांची नखरेल पोर" असं कुणी म्हणायला नको वाटायचं. इरानेच कुंपणावरून सांगितलेलं, केव्हाच.

मॉरीनने विचारलं, इस्टेटच्या ग्रुपवर टाकू का. मी नको नको म्हणेपर्यंत टाकून मोकळी. कोण म्हणालं दाण्यांचं काही ठेवणारच नाही, कोण म्हणालं इरासाठी वेगळा वाडगा ठेवतो. एकाने स्टिकरची पाकिटं आणलीत. एकजण नुसतं "ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत "हो, काही हरकत नाही". त्या ग्रँडने मला रडू आलं. चहाचे कप ठेवायच्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला तेच म्हणतात, तोंड घालून रडले, आईंना दिसू नये म्हणून. त्यांना दिसलं.

३० ऑक्टो.

काळं वटवाघूळ, काळा रस्ता, ही कुणाची अक्कल. पंखांवर चमकणाऱ्या पट्ट्या शिवल्या. मुखवटा रद्द, समोरचं दिसत नाही. तोंडाला काळा रंग. दिवा असेल त्याच दाराशी जायचं, घरी येईपर्यंत काही तोंडात टाकायचं नाही, रस्ता ओलांडताना पंख आत. इरा म्हणाली, "आय नो, मम." तीनदा.

१ नोव्हें.

काल लिहायला हात चालला नाही.

आधी चांगलं. आम्ही तिघं गेलो, आई घरी दाराशी. इरा पुढे, आम्ही फाटकाशी. कोपऱ्यावरच्या घरातला माणूस ग्रुपवर नाही बहुतेक, त्याने दाण्यांच्या चॉकलेटची मूठच पुढे केली. मी फाटक ढकललं होतं. निखिलने माझी बाही धरली. इरा म्हणाली, "नो थँक यू, आय'म ॲलर्जिक टू पीनट्स. हॅव यू एनीथिंग एल्स?" तो आत गेला आणि दोन संत्री घेऊन आला. तिने घेतली. वळून आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला इतकं बरं वाटलं, आणि जरा वाईटही.

घरी आलो तर मुलांना वाटायला ठेवलेल्या पाकिटांची टोपली रिकामी. आईंना विचारलं, मग पुढच्या मुलांना काय दिलंत. त्या म्हणाल्या, लाडू. फॉइलमध्ये गुंडाळून.

काजूचे लाडू. ना वेष्टन, ना नाव. मी गेला आठवडाभर लोकांच्या वाडग्यांची काळजी करत होते आणि माझ्याच दारातून हे.

आईंवर ओरडले नाही. पाकिटांचा दुसरा गठ्ठा वरच्या प्रेसमध्ये आहे हे मीच सांगायला विसरले होते. त्या म्हणाल्या, "दाराशी आलेल्या लेकराले रिकाम्या हाती कसं धाडू?" आणि मग माझं तोंड बघून त्यांना कळलं. खुर्चीत बसल्या. "केतकी, माह्याच हातून कसं होते हे दरवेळी?"

दरवेळी. म्हणजे ती चिक्की इतकी वर्षं मनात धरून होत्या.

मी म्हटलं, "तुमच्या हातून नाही हो. आधी सांगा, कुणाकुणाला दिलेत?" दोन चेटकिणी, एक हाडांचा सापळा, एक हिरवा डायनासोर. नावं कुठली त्यांना. मी ग्रुपवर लिहिलं, चुकलं, काजू आहेत, कृपया खाऊ देऊ नका. चेटकिणींच्या आईचं लगेच उत्तर, दोघींनी खाल्ले, मजेत आहेत, आणखी आहेत का. सापळा मॉरीनचा नातू, त्याचा लाडू आजोबांनी पळवला. डायनासोरचा पत्ता नाही.

आईंनी स्वेटर चढवला. "चेहरा मीच पाह्यला, मी येते." नऊवारीवर निखिलचं जाकीट, पायात माझे बूट. निखिल आणि त्या निघाले दारोदार. मी खिडकीशी, हातात पेन. इराच्या पेनवर दुसऱ्या कुणाचं पोर वाचवता येतं का, हे शोधत होते फोनवर.

शेवटच्या ओळीतल्या घरात सापडला. ओशीन, इराच्या शाळेतला, एक वर्ग खाली. त्याला झाडावरच्या सगळ्याच नट्सची ॲलर्जी, काजूचीसुद्धा. लाडू फ्रिजच्या डोक्यावर, फॉइल न उघडलेलं. त्याची आई शिवॉन, तीही सगळं आधी तपासते. ती आईंना म्हणे आत घेऊन गेली, चहा पाजला. आईंना तिचं बोलणं कळेना, तिला आईंचं. निखिल सांगतो, दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या.

देवा, थँक यू. शिवॉन, थँक यू. त्या फ्रिजला पण.

२ नोव्हें.

आईंनी मला जवळ बसवून विचारलं, ते पेन कसं टोचायचं, दाखव. सरावाचं, बिनसुईचं, आणून दिलं. स्वतःच्या मांडीवर टोचून बघितलं, पुन्हा पुन्हा. मला हे आधी सुचायला हवं होतं. इतके दिवस मी त्यांचे डबे तपासले, पेन त्यांच्या हातात दिलं नाही.

ओवाळणी झाली. इराने आजीला संत्रं दिलं.

४ नोव्हें.

शिवॉनचा मेसेज. शनिवारी ओशीनबरोबर खेळायला इराला पाठवशील का? घरात दाणे ठेवणार नाही. पेन कसं वापरायचं तिला येतंच. वर लिहिलंय, तू निवांत कुठेतरी कॉफी घेऊन ये.

इरा आजपर्यंत माझ्याशिवाय कुणाच्या घरी राहिलेली नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "आर यू स्टेइंग, ऑर जस्ट ड्रॉपिंग मी?" काय हवंय तुला, विचारलं. खांदे उडवले आणि म्हणाली, "यू कॅन स्टे इफ यू'र स्केअर्ड, मम."

उत्तर लिहिलंय. इराला आवडेल, खूप आभार. त्याखाली "मीही थांबेन" लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. आई शेजारी बसून लसूण सोलतायत. आता पुन्हा खोडलंय. अजून पाठवलेलं नाही.