शिक्का न पडलेलं टिकीट

कार्तिक वद्य ९, शके १८६०

नातू आला! धान कापणारे भाकरी खायला बसले तेव्हा, चांगल्या लख्ख उन्हात. सुनेले, काशीले, माय नाही, म्हणून बाळंतपण इथंच केलं. कान गंगारामाचेच, सुपासारखे. हसून हसून माझे गाल दुखले. शेजारची म्हणते, "बुढी पागल झाली का वो?" झाली.
गंगाराम तिकडं खरगपूरले, रेल्वेच्या कारखान्यात. आखाडीपासून, चार महिने झाले, लेकाची चिट्ठी नाही. दोन कारडं टाकले, जवाब नाही. पहिले रडू यायचं. आता कच्ची सुपारी खाल्ल्यावर जीभ होते तसं. चावलं तरी समजत नाही.

कार्तिक वद्य १०

चिट्ठी मीच लिहिली. गंगाराम शाळेत जायचा तेव्हा त्याच्या पाटीवर शिकली, तेवढंच. कारड नाही, सारं गाव वाचते. पाकीट. पण टिकीट कुठून? त्याच्या आखाडीच्या पाकिटावरचं पाहिलं तं शिक्काच पडला नाही! टिकिटावरचा राजा कोरा करकरीत. भाताच्या वाफेवर धरलं, आपोआप सुटलं. भात मात्र खाली लागला.

कार्तिक वद्य १२

डाकवाला शिवराम आला. तळ्याच्या पारीवरून, उंच बांधावरून येते, लांबूनच दिसते.
सुटं टिकीट पाहून म्हणे, "काकी, हे एकदा चाललेलं होय."
"शिक्का कुठं आहे गा?"
"नाही पडला तं का झालं? एक खेप झाली ना त्याची. पुन्हा लावलं तं गुन्हा होते."
"शिक्का मारनारा झोपला, अन् गुन्हा माझा?"
हसला. मंग मी देवाच्या डबीतलं दुसरं टिकीट काढलं. गंगारामाच्या बापानं कधी घेऊन ठेवलं होतं, लावलंच नाही. आधीच्या राजाचं, पिवळं पडलेलं, मागचा डिंक गेलेला. म्हटलं, हा राजा तं मेला.
"राजा मेला काकी, टिकीट नाही मेलं. कोरं आहे, चालते. खळीनं चिकटवा."
पाहा आता. ताजं दिसते ते चालत नाही, अन् म्हातारं चालते! मले लय बरं वाटलं. दोघांनी चहा घेतला. शिवरामाच्या बायकोच्या गुडघ्याले निरगुडी सांगतली.
जाता जाता मीच विचारलं, बिनटिकिटाची टाकली तं?
"मंग बैरंग. घेनाऱ्याजवळून दुप्पट घेतात. पैसे वसूल करायचे असतात, म्हनून तशी चिट्ठी सहसा हरपत नाही. घेनारा नाही भेटला तं पाठवनाऱ्याच्या दारी वापस."
तो गेला. मी तिथंच बसून रायली. चहाचे गिलास तसेच.

कार्तिक वद्य १३

काशीनं खळ शिजवून ठेवली होती. मी म्हटलं, टिकीट लावायचं नाही.
"काऊन?"
सांगतलं. पहिले दोन कारडं टिकिटासकट गेले, काही समजलं नाही. बैरंग गेली तं कोणी पैसे भरून घेईल, नाही तं वापस येईल. काही तरी समजेल.
"मले नाही समजून घ्यायचं," म्हणाली. पोराले पाजत होती, आवाज चढवला नाही. "पहिल्या पोराची चिट्ठी, अन् बापानं दंड भरून घ्यायची? हळद लावली कोपऱ्याले अन् टिकीट नाही. लावा ना आत्याबाई. मामाजीच्या, यांच्या बापाच्या हातचं आहे."
खरं आहे तिचं. माझंही.

पाकिटामागं आपलं नाव गाव लिहिलं. असं पहिल्यांदाच.

कार्तिक अमावस्या

टाकली. स्टेशनजवळच्या पेटीत, स्वतः जाऊन. वाटेत मुरमुरे घेतले, खाल्ले. काशी बोलत नाही. मीठ मागितलं तं वाटी सरकवते.

मार्गशीर्ष शुद्ध ६

बारसं झालं. काशीनं नाव ठेवलं माधव. मले विचारलं नाही, पण नाव छानच आहे. पोरगा मुठीत माझं बोट धरते, सोडत नाही. मी त्याच्याशी दिवसभर बोलत रायते, बापाच्या खोड्या सांगते. सांगतानी मजा येते. सांगून झालं की पुन्हा ती कच्ची सुपारी, सारं बधीर.
शिवराम पारीवर दिसला की काशी पोर घेऊन आतल्या खोलीत जाते. गेला की बाहेर येते.

पौष शुद्ध ३

महिना झाला. धान मळायचा चुरणा उरकला, पेंढ्याची तनीस रचून झाली. शिवराम आला. मी उठून बांधापर्यंत गेली.
"तुमचं काही नाही, काकी."
"कोनतं नाही? जवाब का वापसी?"
"दोन्ही नाही."
"वापस याले किती दिवस लागतात?"
"आता काय सांगू काकी. लांबचं काम." सायकल लोटत गेला.
घरात आली. काशी दाराआड उभी होती, पोर खांद्यावर. महिन्याभरानं तिनं आपणहून तोंड उघडलं.
"का म्हने?"
म्हटलं, "चिट्ठी घेतली म्हने कोणीतरी. पैसे भरून."
असं शिवराम बोलला नाही. मी बोलली.
तिनं पोराले माझ्या मांडीवर ठेवलं अन् पाणी भरायला गेली.