ओव्हनने केलेला मोतीबिंदू

४ जुलै २००४, रविवार
जालन्याचे डॉक्टर म्हणाले, उत्तमचंदजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन करून टाका. आमच्या काकांचा डोळा ऑपरेशननेच गेला. मग जन्मभर दुकानाच्या पायरीवर बसले आणि गल्ल्यावर मुलगा बसला. मंठ्यातल्या आमच्या कापड दुकानात हे पुन्हा होणे नाही. मला बराबर दिसतं. जरा धुकं असतं, पण पावसाळाच आहे.

११ जुलै
कारण सापडलं. पेपरच्या पुरवणीत आलंय. मायक्रोवेव्हच्या लहरींनी डोळ्यातलं भिंग तापतं. भिंगात रक्त फिरत नाही, म्हणून ते लवकर निवत नाही, आणि होतो मोतीबिंदू. सूनबाई राजकुमारीने माहेरून आणलेला मायक्रोवेव्ह ओव्हन दोन वर्षं आमच्या स्वयंपाकघरात बसलाय. लेखाचा शेवटचा भाग फार बारीक टाइपात होता. महत्त्वाचा असता तर मोठा छापला असता.

१२ जुलै
घरात जाहीर केलं. कारण काढा, कार्य जाईल. सौ. पानबाई म्हणाली, अहो, ते यंत्र एकदाबी चालू केलं न्हाई, मंठ्यात लाईट असती कधी? क्रोशाचं कव्हर टाकून ठेवलंय. मी म्हणालो, बंद नळसुद्धा ठिबकतो. शिवाय सूनबाईला सहावा महिना. पोटातल्या बाळाचा विचार या घरात मी एकट्यानेच करायचा का? चिरंजीव उठून दुकानात गेले. एवढ्या लवकर कधी जात नाहीत. लक्ष गल्ल्यावर आहे.

१४ जुलै
ओव्हन टेम्पोत घालून जालन्याला व्याह्यांकडे रवाना. राजकुमारीने घुंगट सावरत क्रोशाचं कव्हर तेवढं काढून ठेवलं. बाजारात सगळ्यांना सांगून टाकलं, महिन्यात चष्मा उतरणार. औषधाला पथ्य हवंच, म्हणून जैन स्थानकात उतरलेल्या साधू महाराजसाहेबांपुढे चातुर्मासाचा चौविहार घेतला. सूर्य बुडाला की अन्न नाही, पाणी नाही.

२० जुलै
फरक जाणवतोय. समोरच्या गौतमचंदच्या किराणा दुकानाची पाटी वाचली. तीस वर्षांपासून पाठ आहे ती गोष्ट वेगळी. वाचली ती वाचलीच.

२६ जुलै
वाटूरच्या सगुणाबाई लेकीच्या डोहाळजेवणाला हिरवी साडी न्यायला आल्या. स्वतः निवडून दिली, चिरंजीवांना हात लावू दिला नाही. संध्याकाळी परत. म्हणाल्या, शेठजी, अशा कार्याला काळी साडी कोणी देतं का, सासरची माणसं काय म्हणली असती. मी म्हणालो, लाईट गेल्ती. त्या म्हणाल्या, भर दुपारी? गिऱ्हाईकाशी वाद घालू नये. चिरंजीवांनी बदलून दिली.

२ ऑगस्ट
हल्ली सूर्य फार लवकर बुडतो. वडिलांची रीत होती, तळहाताच्या रेषा दिसेनाशा झाल्या की ताट बंद. आज पाच वाजताच दिसेनात. ताट सारलं. राजकुमारीने सौ.च्या तोंडून निरोप दिला, बाबूजींना सांगा, अजून ऊन हाय, स्थानकातल्या तक्त्यात सूर्यास्त सातचा हाय. आभाळ काय तक्ता बघून अंधारतं? माझा नियम मोडायचा डाव दिसतो. ओव्हनचा राग.

७ ऑगस्ट
आजही उपाशी. कढीचा वास येत होता. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती. एवढ्या काळोखात त्यांना चेंडू कसा दिसतो कोण जाणे.

९ ऑगस्ट
पुन्हा तेच. जेवायला बसावं तर उजेड आहे असं कबूल करावं लागतं. उजेड आहे म्हटलं की लोक विचारणार, मग तुम्हाला का दिसत नाही. त्यापेक्षा उपास परवडला. माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर मी अडकून पडलोय आणि सुटायची वाट मीच बुजवलीय. पण अजून महिना पुरा व्हायचाय.

१४ ऑगस्ट
महिना झाला. गौतमचंदने भर बाजारात विचारलं, उतरला का चष्मा? लगेच काढून दाखवला. तसाच दुकानात आलो आणि दारातल्या साडी नेसवलेल्या पुतळ्याला म्हणालो, या बाई, बसा, काय दाखवू? चिरंजीवांनी पाहिलं. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

१९ ऑगस्ट
राजकुमारी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. बाळ ठीक आहे, पण आईच्या पोटात अन्न नाही म्हणाल्या.

मी सौ.वर चिडलो, घरात खायला कमी आहे का? मग ती बोलली. सासरा जेवल्याबिगर सून जेवत न्हाई आपल्यात. अन् तिनंबी चौविहार घेतलाय. तुम्ही न जेवता ताट सारलं की तीबी तशीच ऱ्हाती, अन् दिवस बुडाल्यावर तिला खाता येत न्हाई. म्या बोलणार होते, तर तीच म्हणाली, नका सांगू, बाबूजींना वाईट वाटंल.

फार वाईट वाटलं. तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. खाटेवर काहीतरी हललं, घुंगट ओढून घेत असावी. उठू नको म्हणालो. मग दार ओढून घेतलं.

२० ऑगस्ट, संध्याकाळी
ताट आलं. सौ.ने विचारलं, अंधार झाला का? मी म्हणालो, झालेला नसेल. मला दिसत नाही.

जेवलो. मग आत राजकुमारीच्या ताटात भाकरी वाढल्याचं ऐकू आलं.

उद्या सकाळच्या एसटीने जालन्याला जायचं. डावा डोळा आधी करणार आहेत. गल्ल्याची किल्ली चिरंजीवांना दिली. उद्यापुरती.