फळ्यावर आलं ते खरं

३ फेब्रुवारी, मंगळवार

राजेशने पडदा आणला. पंचावन्न इंची! चाळीच्या दारात, जिन्याखाली, माझ्या फळ्याच्या बरोब्बर समोर. दोन पोरं शिडीवर चढून स्क्रू पिळत होती आणि हा खाली उभा राहून "जरा डावीकडे, जरा वर" करत होता. मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून तेवढंच काम करतो. साहेबांनी भेट दिलाय म्हणे. निवडणूक होऊन गेली तरी साहेब देतायत, म्हणजे पुढच्या निवडणुकीचा ॲडव्हान्स असणार.

दर चार बातम्यांनंतर साहेबांचा हसरा चेहरा येतो. मी मोजलं. पाऊण तास उभा राहून मोजलं, पाय दुखले.

एकतीस वर्षं हा फळा मी लिहितोय. पाण्याची वेळ, पेपरातल्या बातम्या, कोणाच्या पोराला नोकरी लागली, कोण वारलं, अंत्ययात्रा किती वाजता. खडू मंडळाचा, अक्षर माझं. लालबागमधल्या गिरण्या गेल्या, माझा छापखाना गेला, भिकोबा चाळीचा फळा राहिला. आता राजेश म्हणतो, पडद्याची वायरिंग फळ्याच्या भिंतीतून न्यायची, फळा काढावा लागेल. २२ला रविवारी सभा. मत टाकायचं — फळा की पडदा.

काढून तर दाखव म्हणावं.

४ फेब्रुवारी, बुधवार

पडद्यावर आज: "सुप्रभात. यशाचे पाच मार्ग." चाळीत पहाटे साडेपाचला माणसाला एकच मार्ग हवा असतो, आणि त्याला रांग असते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

फळ्यावर लिहिलं — "कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे थंड ठेवण्यास अफाट पाणी लागते. आपल्या चाळीत पाणी पहाटे ४.४५ ते ५.३०." दोनच ओळी. टिप्पणी मुद्दाम केली नाही.

लवूने मोठ्याने वाचलं. लवू तांडेल, तळमजला, गिरणीत सुताच्या बॉबिनवर होता, गेल्या आठवड्यात पंचाहत्तर पूर्ण. बायको वारल्यापासून एकटाच असतो. रोज सकाळी दूध घेऊन येताना फळ्यासमोर उभा राहून पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत खणखणीत वाचतो. ज्यांचे डोळे गेले ते दारात बसून ऐकतात. वाचून झाल्यावर म्हणतो, "मगे दौलत, तेंका आपलाच पाणी देतत की काय?" एका वाक्यात अग्रलेख. पडद्याला जमेल हे?

कॉम्प्युटरवाल्या पोरांच्या नोकऱ्या जातायत अशीही बातमी होती. मला वाईट वाटायला हवं. थोडं वाटलंही. पण ९४ साली आमच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि आम्हा अकरा जणांना मालकाने पेढे देऊन घरी पाठवलं, तेव्हा हेच सगळे "प्रगती, प्रगती" म्हणत होते. आता बघा म्हणावं प्रगती कशी लागते ती. पेढे तरी मिळाले का विचारा.

९ फेब्रुवारी, सोमवार

राजेशची प्राची आली होती. पडद्यावर काय दाखवायचं ते तीच बघते. चाळीचा व्हॉट्सॲप ग्रुपही तिचाच. चोवीस वर्षांची, बापापेक्षा दुप्पट अक्कल आणि अर्धा आवाज. मी तिला तासभर झापलं — पडदा ज्याने दिला, बातमी त्याची होते, फळा कोणाच्या बापाचा नाही. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "काका, भांडायचंच तर डायरेक्ट त्याच्याशी भांडा ना." आणि माझ्या मोबाइलमध्ये ते एआयचं ॲप घालून दिलं.

आमची ही आतून म्हणाली, "एक म्हातारो घरात भांडता तेवढो पुरे नाय काय?"

११ फेब्रुवारी, बुधवार

भांडलो. दोन तास. गिरणगावाबद्दल विचारलं तर परळचा पत्ता शिवडीत टाकला. चूक दाखवली की माफी मागतं. पुन्हा तीच चूक. पुन्हा माफी. राजेशपेक्षा बरं, तो माफीही मागत नाही. पण एवढं गोड बोलणाऱ्याचा मला संशय येतो. छापखान्याचा मालक असाच बोलायचा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक गंमत केली. गंमतच. त्याला पेपराचे फोटो दिले, माझ्या जुन्या दहा फळ्यांचे फोटो दिले आणि म्हटलं, माझ्यासारखं लिही. अर्ध्या मिनिटात लिहिलं! माझेच शब्द, माझाच तिरकसपणा, शेवटी पाण्याची वेळ. मला चार पेपर चाळून सात ओळी काढायला दोन तास लागतात. त्यातून डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.

बघू तर म्हणून उतरवलं फळ्यावर. लवूने वाचलं आणि म्हणाला, "आज झकास लिवलंस रे!"

एकतीस वर्षांत पहिल्यांदा झकास म्हणाला, मेला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. शनिवार, रविवार, आज — तिन्ही दिवस त्याचंच उतरवलं. हिलाही सांगितलेलं नाही. पेपर पुढ्यात उघडे ठेवून बसतो, वाचतोय असं दाखवायला. चोर तो चोर, वर चष्मा लावलेला.

फळ्यापुढे गर्दी वाढली आहे. काल पडद्याकडे पाठ करून नऊ माणसं उभी होती. राजेशचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सभा आपण जिंकणार.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लाज वाटते लिहायला, तरी लिहितो.

पहाटे नळ सुरू असताना मोबाइल डाव्या हातात, खडू उजव्या, मजकूर फळ्यावर उतरवला. वर आलो. सात वाजता खाली एकदम गलका. ही गॅलरीतून डोकावली आणि धावत आत आली. "लवूभावजी गेले," म्हणाली. "तुम्हीच लिवलास ना फळ्यार? माका आधी सांगूक काय झाला?"

धावत खाली गेलो. फळ्याच्या तळाला माझ्याच सुंदर अक्षरात — "चाळीचे ज्येष्ठ रहिवासी श्री. लवू तांडेल यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन. अंत्ययात्रा सकाळी ११ वाजता."

मी ते लिहिलं होतं. वाचलं नव्हतं! अठरा वर्षं छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. तिथे कंपोझिटर मजकूर वाचत नाही, एकेक अक्षर उचलून ओळीत बसवतो. वाचत बसला तर हात चालत नाही. उस्ताद सांगायचे, मेंदू दाराबाहेर काढून ठेव. मी मोठमोठ्या लोकांचे मृत्युलेख जुळवले आहेत आणि घरी जाऊन बातम्यांत ऐकलंय की कोण वारलं. आज तेच झालं. हात शिकलेला तसाच चालला.

लवूच्या दाराला कुलूप, म्हणून हॉस्पिटलातच वारला असणार असं सगळ्यांनी धरलं. दुसऱ्या मजल्यावरच्या पुष्करने हार सांगितले, बांबू सांगितले, शिवडीला लवूच्या मुलीला, मनवाला फोनही केला. एवढ्यात लवू दुधाची पिशवी हलवत आला. गर्दीतून वाट काढून फळ्यासमोर उभा राहिला आणि नेहमीसारखं वाचायला लागला. पाण्याची वेळ वाचली. दहा मिनिटांत किराणा आणून देणाऱ्या पोरांच्या संपाचं वाचलं. मग शेवटची ओळ. तीही त्याच आवाजात पूर्ण वाचली.

"कधी मेलंय मी?" तो म्हणाला. "माका कोणी सांगूक नाय!"

आणि पुष्कर, शहाणा, त्याला म्हणतो, "पण आजोबा, फळ्यावर आलंय."

हसलो असतो. पण तेवढ्यात टॅक्सीतून मनवा उतरली. एका पायात बाहेरची चप्पल, एका पायात बाथरूमची. बापाला बघून तिने किंकाळी फोडली, मग त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि सोडेचना. लवू तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला. मी त्याला धरून वर आमच्या खोलीत आणला, चहा दिला. जाताना बघितलं तर प्राची फळ्याजवळ मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभी. इथे माणूस मरून परत आला आणि हिला मोबाइल सुचतोय!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कारण सापडलं. मोबाइलमधले फोटो पुन्हा बघितले, मी दिलेल्या दहा फळ्यांपैकी सहांच्या तळाला कोणाचं ना कोणाचं निधन होतं. त्याला वाटलं, फळा म्हटला की शेवटी एक माणूस जातोच. नाव त्याने लवूच्या वाढदिवसाच्या फळ्यावरून उचललं.

सगळे विचारतायत — "काका, तुम्हाला कोणी सांगितलं?" माझ्या तोंडून निघालं, "मोबाइलवर आलं होतं." खोटं नाही. खरंही नाही.

पुष्कर म्हणाला, "चाळीत मोबाइलवर बातम्या पाठवतं कोण?" आणि सगळे राजेशच्या खोलीकडे बघायला लागले. मी खडू उचलले आणि वर आलो.

२२ फेब्रुवारी, रविवार

सभा झाली. पुष्कर उठला. फळा बदनाम व्हावा म्हणून प्राचीने काकांना खोटा मेसेज पाठवला, म्हणाला. सगळी चाळ रडत होती तेव्हाही ती मोबाइलमध्येच होती, अख्ख्या चाळीने पाहिलं. मनवा शिवडीहून खास आली होती. तिने प्राचीला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. "तुझ्या बापाचं कोणी असं लिहिलं तर?" एवढंच लिहितो. आणि राजेश — सख्खा बाप! — खुर्चीवरून उठून सगळ्यांदेखत म्हणाला, "माफी माग." पोरगी म्हणाली, "मी पाठवलं नाही," आणि एकदाच माझ्याकडे बघितलं.

मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

फळा ४१, पडदा ६. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी मला हार घातला. पुष्करने बुधवारी सांगितलेल्यातलाच असावा, कोमेजला होता.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पाण्याची वेळ लिहिली. बाकी काही सुचलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पडदा उतरवला. प्राचीशी जिन्यात कोणी बोलत नाही. दुधाच्या रांगेत ती आली की बायका गप्प होतात. ग्रुपमधून तिला काढलं. ग्रुप तिनेच बनवला होता.

हिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, समजूत घालेल. भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरीच्या तोंडार चिखल उडालो आणि तुम्ही मूग गिळून बसलास. त्या यंत्रान निदान माफी तरी मागल्यान असती."

जेवलो नाही. तिनेही आग्रह केला नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज फळा पूर्ण पुसला आणि एकच मजकूर लिहिला. एकेक शब्द वाचून लिहिला. "लवू तांडेल यांच्या निधनाची खोटी बातमी मी मोबाइलमधल्या यंत्राकडून लिहवून घेतली व न वाचता उतरवली. आधीचे पाच दिवसही तेच केले. प्राचीचा यात काडीचा संबंध नाही. — दौलत."

वाटलं, आता शिव्या पडणार, फळा जाणार. जाऊ दे. दारातच उभा राहिलो.

लवूने मोठ्याने वाचलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दौलत, चेडवाक वाचवण्यासाठी सगळा आपल्या अंगार घेतलंस. मोठो माणूस रे तू." पुष्करने डोळे पुसले! "काका आणि यंत्राकडून लिहवणार? काकांच्या पायांची सर आहे का यंत्राला?"

अरे, फळ्यावर आलंय ना! मेल्याचं लिहिलं ते पटलं, खरं लिहिलं ते पटत नाही? मी ओरडलो. जितकं ओरडलो तितका मोठा होत गेलो. राजेश पाया पडला. तो तर म्हणाला, "पोरीला तुमच्याकडे पाठवतो माफी मागायला."

वर धावलो, मोबाइल आणला. म्हटलं, हे बघा, सगळं इथे आहे, रोजचं. ॲप उघडलं. कोरं! एक ओळ नाही. माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार, माझे हे असे हात. पुष्कर हसला आणि म्हणाला, "राहू द्या हो काका."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

प्राचीला जिन्यात गाठलं. म्हटलं, पोरी, माझ्या हातून सगळं पुसलं गेलंय. परत आणून दे, चाळीला दाखवायचंय.

ती चपलेचा पट्टा लावत होती. "तुमच्या हातून नाही पुसलं गेलं, काका. ते माझ्याच अकाउंटवर चालत होतं, मला सगळं दिसायचं. तुम्ही लवूआजोबांना धरून वर गेलात ना, तेव्हाच मी खाली उभी राहून पुसलं, कोणी तुमचा मोबाइल बघायला मागायच्या आत."

आणि कामाला गेली.