मारानंतरचं भरीत

आबा, अमळनेरच्या शाळेत तुम्ही इंग्रजी शिकवायचात. ‘टर्न ओव्हर अ न्यू लीफ’ हा वाक्प्रचार वर्गात शिकवायचात आणि घरी आम्हाला ऐकवायचात. अर्थ, जुनं वागणं सोडून नव्यानं सुरुवात करणं. उपयोग मात्र मी आईच्या पाठीवर पाहिला. भाजी खारट झाली म्हणून तुम्ही अंगणातल्या ढिगातून पऱ्हाटी ओढता, कपाशीचं ते वाळकं झाड मोडेस्तोवर तिला हाणता, मग दुसरं घेता. मी दाराआड थिजलेली. दुसऱ्या दिवशी त्याच पऱ्हाट्या पेटवून तुम्ही हिरवी वांगी भाजायचात, मुसळानं भरीत ठेचायचात आणि पहिला घास आईपुढे धरून ते इंग्रजी वाक्य म्हणायचात. “माले भूक नही,” सुजलेल्या ओठांनी आई एवढंच म्हणायची. तुम्ही गेलात, माझा राग काही गेला नाही.

परवा तुमचा नातजावई धुळ्याहून आला. त्याच्या थपडेनं माझ्या लेकीच्या डाव्या कानाचा पडदा फाटला, तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. येताना त्यानं वांगी आणली होती. शेजारून पऱ्हाट्या मागून घेतल्या आणि अंगणात जाळ करून बसला. “आई, मी पार बदललोय. आता नव्यानं सुरुवात करू,” वांगी उलटीपालटी करत तो म्हणाला. लेक आत गेली आणि त्याच्यासोबत जायला पिशवीत कपडे भरू लागली. आबा, तुम्ही शिकवलं नाहीत ते मला तेव्हा कळलं. हे वाक्य मारणाराच म्हणतो, मार खाणाऱ्यानं फक्त मान हलवायची असते.

मी मुसळ उचललं आणि जाळातल्या वांग्यांवर घातलं. पुन्हा घातलं. निखारे त्याच्या पायांवर उडाले, तो ओरडला, तरी माझा हात थांबेना. “ऊठ, आठून निंघ! परत उना तर हाई मुसळ तुन्हा डोकामा घालसू!” तुमच्यासमोर जन्मात न चढलेला आवाज गल्लीभर गेला. तो चपला टाकून पळाला. लेकीनं पिशवी रिकामी केली आणि कपडे कपाटात लावले.

हे पत्र तुमच्या फोटोपुढेसुद्धा ठेवणार नाही, चुलीत घालीन. फक्त एक सांगायचं राहिलं. मुसळ घालताना भाजल्या वांग्यांचा वास आला, आबा, आणि लहानपणीसारखंच माझ्या तोंडाला पाणी सुटलं.