बावन्न फुटी बोटीतला किण्

आदरणीय दाजी,

वाकून नमस्कार. एका बारीकशा 'किण्' आवाजाची खरी किंमत सांगतो: चार दिवस, दोनशे अठरा स्क्रू काढून परत बसवणं, माझ्या डाव्या अंगठ्याचं नख आणि सुताराशी असलेली अकरा वर्षांची मैत्री. पत्राला उशीर झाला तो यामुळे. तुमचा खांदा कसा आहे? ताई अजून पिशव्या उचलू देत नसेल, तर तो बरा झाल्याचं इतक्यात सांगू नका.

तुम्ही लोकांना सांगता की आमचा मेहुणा श्रीमंतांची जहाजं चालवतो. (सांगत राहा, मी काही खोडून काढत नाही.) खरं काम असं, की कारखान्यातून नवीकोरी शिडाची बोट ट्रकवर बसून येते. तिला पाण्यात उतरवायचं, डोलकाठी उभी करायची, शिडं चढवायची, प्रत्येक नळ, दिवा, पंप चालवून बघायचा, चारही संडास जातीने वापरायचे (बोटीवर राहणारी माणसं दोन), समुद्रात एक फेरी मारून आणायची आणि मालकाची सही घ्यायची. सही होत नाही तोवर बोटीबरोबर मीही धक्क्याला बांधलेला. या कामात डोळ्यांपेक्षा कान लागतात, आणि माझ्या कानांचा अख्ख्या धक्क्यावर दबदबा आहे. इंजिन नुसतं खोकलं तरी कुठला पट्टा सैल आहे ते मी शेजारच्या बोटीवरून सांगतो.

तर सहीच्या दिवशी मालकीणबाई दुपारी खालच्या कॅबिनमध्ये जरा आडव्या झाल्या आणि पाचव्या मिनिटाला वर आल्या. "आत काहीतरी किणकिणतंय. ऐका बरं." मी खाली गेलो, डोळे मिटले, मान डोलावली आणि "ऐकलं" म्हणालो. (कप्तानाने दुसरं काय म्हणायचं असतं?) "ते थांबेपर्यंत सही नाही," त्या म्हणाल्या. मालक म्हणाले, "ती म्हणते तसं." माझ्याही घरी हीच पद्धत असल्यामुळे मी वाद घातला नाही.

मग मी छताच्या फळ्या काढवल्या, जमीन उचलली, कपाटं रिकामी केली, डोलकाठीच्या टोकापर्यंत चढून दोऱ्या आवळल्या. (नख तिथेच गेलं.) सुतार म्हणायचा, "कप्तान, डावीकडून येतोय." मी म्हणायचो, "तुला तसं वाटतं. तो आपटून परत येणारा आवाज. उजवीकडे उघड." तो बिचारा उघडायचा. तिसऱ्या दिवशी त्याने पाना खाली ठेवला. "तुमचे कान तुम्हाला लखलाभ. मला घरी काम आहे." त्याला घरी कसलंही काम नसतं, हे मला त्याच्या बायकोकडून पक्कं माहीत आहे.

चौथ्या दिवशी मालकांच्या आई आल्या. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी. कॅबिनच्या दारात थांबल्या आणि काठीने डावीकडचा पडदा दाखवला. "तो दांडा काढा." दांडा पोकळ. आत एक विसरलेला स्क्रू, बोट हलली की इकडून तिकडे लोळणारा. मी म्हणालो, "माझा संशय त्यावरच होता, बाकीचं आधी बाद करत होतो." मालकीणबाई म्हणाल्या, "चार दिवस?" आजी म्हणाल्या, "असू दे गं. नीट काम करणारा माणूस आहे."

सही झाली. शिवाय मालक म्हणाले, एवढ्या बारीक आवाजामागे चार दिवस घालवणारा माणूस मला सोडायचा नाही. पहिल्या तारखेपासून वर्षभर मी त्यांचा पगारी कप्तान. मुख्य काम, बोट कुठे कुरकुरली तर आधी ऐकणं. आमच्या सौभाग्यवती फार खूश आहेत. पगार येणार म्हणून, की मी वर्षभर घरात नसणार म्हणून, ते मी विचारलेलं नाही.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. : तुम्ही कानात घालता त्या यंत्राचे डॉक्टर पहिल्या तारखेच्या आत वेळ देतील का? आणि ते यंत्र टोपीखाली दिसतं का? माझ्या एका सहकाऱ्यासाठी विचारतोय. ताईसमोर विषय नको.

पुन्हा ता. क. : सहकारी वगैरे कोणी नाही. तो किण् मला चार दिवसांत एकदाही ऐकू आला नाही.